तोलिबजानचा दुसरा पॅरा

बसा, बसा. पाय वर घ्या, जोडे खाली राहू द्यात. मर्गिलानमध्ये लोक जोडे नेत नाहीत, फक्त वेळ नेतात. चहा येईस्तोवर एक गोष्ट सांगतो. यातलं एक अक्षर खोटं नाही, आणि जिथं थोडं असेल तिथं मी आधी खाकरीन. ज्या माणसानं साठ वर्षांत कुणाला 'पण' म्हणून तोडलं नाही, तो इंग्रजीत 'पण' म्हणायला शिकायला निघाला, आणि त्यापायी त्याला स्वतःवरच नोटीस काढावी लागली, त्याची गोष्ट.

माणूस म्हणजे आमचा तोलिबजान. माझ्या सोम्स्यांच्या, म्हणजे भाजक्या समोशांच्या, भट्टीला लागून त्याच्या घराची भिंत. जन्मभर पाण्याच्या हापिसात कारकून होता, ते सोडा. त्याचं खरं काम म्हणजे मोहल्ल्याची समेट समिती. एकोणीस वर्षं तिचा अध्यक्ष. नवरा-बायकोचं बिनसलं, भावाभावांत जुंपली, की कोर्टाच्या आधी माणसं समितीपुढं येतात. तोलिबजान दोघांना चहा ओतायचा. नवऱ्याला म्हणायचा, "बेटा, तुझं खरं आहे." बायकोला म्हणायचा, "पोरी, तुझंही खरं आहे." मग पुन्हा चहा. रंगाऱ्यांच्या गल्लीतली एक जोडी त्याच्यासमोर चार तास बसली. शेवटी बायकोच नवऱ्याच्या कानात म्हणाली, "ऊठ, घरी चल. याच्यापेक्षा तुझी आई परवडली." नोंदवहीत लिहिलं: समेट झाली.

असा माणूस रिटायर झाला आणि घरात बसला. रिकामा माणूस घरात म्हणजे पायात मांजर. भांड्यांची झाकणं मापानं लावून ठेवायचा. जर्दाळू वाळत घातले तर ते रांगेत मांडायचा. त्याची बायको सानोबार-ओपा भिंतीवरनं मला म्हणाली, "याला कुठंतरी अडकवा हो, नाहीतर मीच समितीपुढं येते."

त्याच दिवसांत आमच्याकडं रेशमाचे माग बघायला परदेशी लोक यायला लागले होते. त्यांना फिरवायला गाइड पाहिजे आणि गाइडला कार्ड पाहिजे. गळ्यात दोरी, दोरीला कार्ड, कार्डावर फोटो. तोलिबजाननं ते कार्ड एका पोरसवदा माणसाच्या गळ्यात बघितलं आणि त्याचं त्यावर मन बसलं. परीक्षा होती, इंग्रजी. बोलायची त्याला भीती नव्हती. पाणीपट्टीच्या टेबलावर बसलेला माणूस कुठल्याही भाषेत बोलतो. अडचण होती ती लेखी निबंधाची.

त्याआधी फॉर्म. फोटो बिनटोपीचा पाहिजे म्हणाले. तोलिबजानला बिनटोपीचा त्याच्या बायकोनंसुद्धा नीट बघितलेला नाही. फोटोत कपाळ अर्धं पांढरं नि अर्धं काळं आलं. खिडकीवरची बाई म्हणाली, "हे दोन फोटो एकावर एक चिकटवलेत काय?" मग नावाचं. जुन्या रशियन अक्षरांच्या कागदावर तो तालिबजान, नव्या कागदावर तोलिबजान. हे दोघे एकच असल्याचा दाखला आणा, म्हणाले. दाखला देणार कोण, तर मोहल्ला. म्हणजे तोलिबजाननं शिक्का काढून लिहिलं, की मी तोलिबजानला लहानपणापासून ओळखतो, माणूस चांगला आहे.

आता शिकवणार कोण? घरातच मास्तरीण होती. त्याची सून मुहय्यो क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. सकाळी उजाडायच्या आत उठून अंगण आणि घरापुढची गल्ली झाडायची, सगळ्यांना वाकून सलाम करायची, चहा द्यायची आणि मग नऊला क्लासात जाऊन चाळीस पोरांना असं काही फैलावर घ्यायची, की आवाज माझ्या भट्टीपर्यंत यायचा. नवरा ट्रकवर, पंधरा दिवसांनी घरी यायचा, जेवायचा नि झोपायचा.

आणि आता एक गोष्ट सांगून ठेवतो, तिच्याकडं लक्ष असू द्या. त्या मुहय्योला समरकंदहून एक पत्र आलेलं होतं. शिक्षकांचा तीन महिन्यांचा कोर्स, तिची निवड झाली होती. सातशे अर्जांतनं वीस जणी. उत्तर मार्च संपायच्या आत कळवायचं. घरात मोठ्यांचा होकार असल्याशिवाय सून कशी जाईल? आणि विचारायचं कुणी, कसं? पत्र नानच्या फडक्याखाली ठेवलेलं होतं. माझ्या बायकोला ठाऊक होतं, अख्ख्या गल्लीतल्या बायकांना ठाऊक होतं, सानोबार-ओपा तर रोज ते फडकं उचलून नान काढायची. ठाऊक नव्हतं ते एकट्या समेट समितीच्या अध्यक्षाला.

तर शिकवणी सुरू झाली. आता सासऱ्याला सून काय सांगणार, की चुकलं? आमच्याकडं सून सासऱ्यापुढं आवाज चढवत नाही, त्याच्या बोलण्यावर उलटं बोलत नाही. तोलिबजान पान लिहून पुढं करायचा. मुहय्यो दोन्ही हातांनी घ्यायची, वाचायची, लाल व्हायची आणि म्हणायची, "फार छान, दादाजान."

"काही चुकलं असलं तर सांग हं."

"अक्षर फार सुंदर आहे, दादाजान."

अशी दोन महिने शिकवणी झाली. तोलिबजान खूष. परीक्षेचा विषय आला 'शहर बरं की खेडं'. त्यानं लिहिलं: शहर चांगलं आहे, तिथं दवाखाना आहे. खेडंही चांगलं आहे, तिथं हवा आहे. दोघांनाही देव सुखी ठेवो. आणि खाली सही, समितीच्या हुद्द्यासकट.

निकालाच्या दिवशी त्यानं चाळीस माणसांना पुलावाला बोलावलं. निकालाच्या आधीच. मी म्हणालो, "तोलिबजान, कळू तरी दे." तर म्हणाला, "सून म्हणाली, फार छान आहे." गाजरं चिरून कढईत पडली आणि तेवढ्यात फोनवर निकाल आला. नापास. खाली शेरा: दुसरी बाजू मांडलेली नाही, विरोध दाखवणारा एकही शब्द नाही. आता कढई काही उलटी फिरवता येत नाही. चाळीस माणसं आली, हात धुतले, जेवली. आणि जेवणानंतर रिवाजाप्रमाणं प्रत्येकानं उठून चार शब्द बोलायचे. चाळीस माणसांनी चाळीस प्रकारे सांगितलं, की नापास होणंसुद्धा चांगलंच असतं. तोलिबजान प्रत्येकाला छातीवर हात ठेवून मान झुकवत होता. मी त्याच्या बाजूलाच बसलो होतो. त्याचा कान कढईच्या बुडासारखा तापला होता.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले. आमच्याकडं पाणी दिवसाआड येतं, सल्ला चोवीस तास. कोबिल-दोम्ला म्हणून एक आहेत, शाळेत चाळीस वर्षं जर्मन शिकवलं. त्यांनी चायखान्यात बैठक मारून समजावलं. "तोलिबजान, इंग्रज माणूस गाढवाला आधी चारा घालतो, मग लाथ घालतो. पहिला पॅरा चारा, दुसरा पॅरा लाथ. आणि वळायच्या जागी एक शब्द ठेवतो, हाऊएव्हर. गाडीवान वळणावर भोंगा वाजवतो ना, तसा."

"कुणाला न दुखवता नाही वळता येत?" तोलिबजाननं विचारलं.

"मग सरळ जा, आणि पुन्हा नापास हो."

याकूब नानवाला तिथंच होता. समितीचा उपाध्यक्ष तो, तोलिबजानला अका म्हणजे थोरला भाऊ म्हणायचा. म्हणाला, "अका, सराव माझ्या नानवर करा. मला राग येत नाही." तोलिबजाननं तिथंच वही काढून लिहिलं: याकूबचं नान फार चांगलं आहे. हाऊएव्हर, ते गोल आहे.

कोबिल-दोम्लांनी डोळे मिटले. "अरे, ही लाथ आहे का?"

"मग काय लिहू? तळाला करपलेलं असतं म्हणून लिहू?"

"कुणाचं करपलेलं असतं?" याकूब म्हणाला. राग न येणारा माणूस तो! मग दोन दिवस त्या दोघांची समेट करण्यात गेले. त्यात तोलिबजानचा हात धरणारा कोणी नाही, स्वतःच भांडून स्वतःच मिटवलं.

तिसऱ्या दिवशी तो घरी सुनेला म्हणाला, "बेटा, नुसतं छान-छान पुरे. मला एक नमुना लिहून दे. विषय घे, एकत्र कुटुंबात राहावं की नाही. दोन्ही पॅरे पाहिजेत. मी तुझा सासरा आहे हे विसर. समज, मी इंग्रज परीक्षक आहे."

मुहय्योनं सासूकडं बघितलं. सानोबार-ओपा मुळे किसत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही बाई. साहेब लोकांना ताटकळत ठेवू नये."

मुहय्योनं रात्रीत पान लिहून सकाळी चहाबरोबर ठेवलं. तोलिबजाननं पहिला पॅरा वाचला. शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावला. 'माझे सासरे थोर गृहस्थ आहेत. सगळी गल्ली त्यांचा मान ठेवते. या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.' वाचता वाचता त्याचा ऊर असा भरून आला, की दुसरा पॅरा वाचायला तो थांबलाच नाही. टोपी घातली, कागद खिशात घातला आणि तडक चायखाना.

"ऐका रे," तो म्हणाला, "सुनेनं काय लिहिलंय." आणि उभा राहून एक वाक्य इंग्रजीत, एक आपल्या भाषेत असं वाचायला लागला. लोक वाहवा करत होते. याकूबचे डोळे भरले. पहिला पॅरा संपला. तोलिबजाननं पान खाली सरकवलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "हाऊएव्हर…"

आणि थांबला.

मी समोर बसलो होतो. त्याचे डोळे कागदावरनं पुढं सरकत होते आणि तोंडाचा रंग मागं हटत होता. पुढं काय लिहिलेलं ते मला नंतर कळलं, आधी तुम्हाला सांगतो. लिहिलं होतं: 'हाऊएव्हर, साऱ्या गल्लीची समेट करणारा माणूस घरात कुणाला काही विचारत नाही. ते प्रश्न विचारतात आणि उत्तरही तेच देतात. मी त्यांची गल्ली झाडते, तेव्हा ते झोपलेले असतात. त्यांचे निबंध वाचते, तेव्हा मला रडू येतं. माझं एक पत्र अडीच महिने नानखाली पडून आहे. ते रोज नान खातात.'

"वाच ना अका, पुढं काय?" लोक ओरडले.

तोलिबजाननं टोपी सारखी केली. "हाऊएव्हर… म्हणजे शिवाय. शिवाय, सासरे सगळ्यांची विचारपूस करतात." कागदाकडं नजर. "ते… त्यांचं लेखन वाचून मला गहिवरून येतं." पुन्हा नजर. "घरात नान रोज ताजं असतं."

"माझं नान!" याकूब म्हणाला.

कोबिल-दोम्ला त्याच्या खांद्यामागं उभे होते. चष्मा कपाळावरनं नाकावर आणला, वाचलं, पुन्हा कपाळावर ठेवला. "हाऊएव्हर म्हणजे शिवाय?" एवढंच म्हणाले, हळू. तोलिबजाननं त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यांनी मुकाट चहा ओतला. चारचौघांत मोठ्या माणसाला खोटं पाडत नाहीत आमच्यात.

इथंच निभावलं असतं. पण याकूबला भरतं आलं होतं. त्यानं कागद हातातनं ओढला, फोननं फोटो काढला आणि मोहल्ल्याच्या ग्रुपावर टाकून दिला. वर लिहिलं: 'आदर्श सून, सर्वांनी आपापल्या घरी वाचून दाखवावे.' तीनशे घरं आहेत त्या ग्रुपात. आणि हल्ली घरटी एक तरी पोरगी इंग्रजी शिकते. शिकते कुणाकडं, तर मुहय्योकडं.

दुपारच्या आत सगळ्या घरांत वाचून दाखवून झालं.

संध्याकाळी रुझिखान-खाला समितीच्या हापिसात आली. जुनी नर्स. समितीची तिसरी सभासद. अर्ज तिनंच आणला: अमुक घरात सासरा-सून वाद आहे असं समितीच्या कानावर आलं आहे, नियमाप्रमाणं बोलावणं काढावं. नोटिशीवर सही अध्यक्षाची लागते. अध्यक्षच पक्षकार असेल तर उपाध्यक्षाची. याकूब म्हणाला, "मी अकांविरुद्ध सही करू? हात तंदुरात जाईल माझा. आधीच त्या फोटोनं माझी बायको माझ्याशी बोलत नाही."

"तोलिबजान," खाला म्हणाली, "नोटीस थांबवायची तर लिहून दे, की थांबवली. एकोणीस वर्षांत एकही थांबलेली नाही."

तोलिबजाननं पेन घेतलं. काढणाऱ्याच्या जागी सही केली. मग कागद फिरवून मिळाल्याची सही केली. मग प्रत घडी घालून खिशात घातली आणि घरी गेला. जेवला नाही म्हणे. नानला तर हातही लावला नाही.

गुरुवारी बैठक. मार्च संपायला दोन दिवस. मी साक्षीदार म्हणून गेलो होतो. कशाचा ते कुणी विचारलं नाही. खोलीत माणसं मावत नव्हती. खिडकीला बाहेरनं बायका चिकटलेल्या. तोलिबजान आधी सवयीनं अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला, मग उठून पक्षकाराच्या खुर्चीवर बसला, मग चहा ओतायला पुन्हा तिकडं गेला. खाला म्हणाली, "एका जागी बस बाबा, मला घेरी येते."

मुहय्यो आली. डोक्याला रुमाल, वाकून सगळ्यांना सलाम. हातात पिशवी.

"बोल बेटा," खाला म्हणाली, "काय म्हणणं आहे?"

"माझं काही म्हणणं नाही," मुहय्यो खाली बघत म्हणाली. "दादाजान बरोबर आहेत. सासूबाई ओयिजानही बरोबर आहेत. नमुना म्हणून लिहिलं होतं. माफी असावी."

याकूबनं सुटकेचा श्वास टाकला. "चला! लिहा, समेट झाली."

पण तोलिबजाननं वहीवर हात ठेवला. बघा, हे वाक्य त्यानं एकोणीस वर्षं लोकांना वाढलं होतं. कधी स्वतःच्या ताटात पडलं नव्हतं. बिनमिठाच्या शोर्प्याच्या रश्श्यासारखं लागलं असणार. तो म्हणाला, "याकूब, गप."

खिडकीबाहेरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तोलिबजाननं कुणाला गप केल्याचं आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं.

"पोरी," तो म्हणाला, "हा पहिला पॅरा झाला. दुसरा सांग."

"दादाजान…"

"मी काही बोलणार नाही. चहा पण ओतणार नाही. तू सांग."

पोरीनं पिशवी खाली ठेवली. मग मुहय्यो बोलली, आणि हा तो चाळीस पोरांवरचा आवाज होता. "मला समरकंदला जायचंय. तीन महिने. परवापर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्ही नाही म्हणाल म्हणून नव्हतं विचारलं, असं नाही. तुम्ही नाही म्हणालाच नसता. तुम्ही म्हणाला असता, जाणं चांगलं, राहणंही चांगलं. आणि मी राहिले असते."

तोलिबजाननं तोंड उघडलं. मी शपथेवर सांगतो, जिभेवर तेच आलं होतं. "जाणं चांगलं…" म्हणालाही. सगळे वाकून बघायला लागले. त्याच्या कपाळाच्या पांढऱ्या अर्ध्या भागावर घाम आला.

"जा," तो म्हणाला. पुढं काही नाही.

"अहो, जा काय जा!" दारातनं सानोबार-ओपा ओरडली. "आणि पहाटे गल्ली कोण झाडणार?"

"मी."

"लोक काय म्हणतील?"

"पहिल्या पॅऱ्यात चांगलं म्हणतील."

नोंदवहीत घोळ झालाच. रकाना एकच, समेट झाली की नाही. याकूब म्हणे, सून घर सोडून चालली, मग 'नाही' लिहा. खाला म्हणे, घरात पहिल्यांदा कुणी काही बोललं, मग 'झाली' लिहा. शेवटी तोलिबजाननंच वही ओढली आणि लिहिलं: 'समेट झाली. तरीही सून जात आहे.' वरच्या हापिसातनं ते पान दोनदा परत आलं. दोन्ही वेळा त्यानं तसंच पाठवलं.

आता पहाटे तो खराटा घेऊन निघतो. मोठ्या माणसाला गल्ली झाडताना बघणं म्हणजे बघणाऱ्यालाच पाप, म्हणून पहिले चार दिवस आम्ही दारं लावून बसलो. पाचव्या दिवशी याकूब खराटा काढून घ्यायला धावला. तोलिबजान म्हणाला, "याकूब, तू मनाचा चांगला आहेस. पण बाजूला हो, तुझ्याच दारापुढं कचरा जास्त आहे." याकूब अर्धा दिवस फुगला आणि मग दार झाडायला लागला.

पुढची परीक्षा दोन महिन्यांवर आहे. पास होईल का? काय सांगू. मुहय्यो समरकंदला गेल्यावर त्यानं पहिली वही एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याबरोबर पाठवली. परत आली ती डाळिंब फोडल्यासारखी लाल. लाल शाईनं अख्खं पान भरलेलं. तीनशे मैल लांबून सुनेचा हात मोकळा झाला! तोलिबजान ती वही घेऊन चायखान्यात आला, मला वाटलं तोंड पाडून बसेल, तर एकेकाला दाखवत सुटला. "बघा, एका पानात सोळा चुका! अशी शिकवते ती!"

तर तुमच्या खिशातनं ते समरकंदचं तिकीट बाहेर डोकावतंय, मघापासनं बघतोय मी. ही घ्या त्याची दुसरी वही, आणि ही दोन नान, याकूबची. फोटो काढून फोननं पाठवता येतो, ठाऊक आहे, पण फोटो म्हटलं की तोलिबजान कानाला हात लावतो. नान वाटेत खाल्लीत तरी मी काही म्हणणार नाही. वही तेवढी तिच्या हातात द्या, आणि ती तपासून देईस्तोवर तिथनं हलू नका. घाईघाईत तिनं नुसतं 'फार छान' लिहून दिलं, तर घेऊ नका. परत तिच्या पुढं करा आणि म्हणावं, पोरी, दुसरा पॅरा लिही. एवढं कराल ना?